शेवटचा अर्धा तास

माझ्या चुलतभावाला सिनेमातलं काही कळत नाही. हे मी रागानं म्हणत नाही असं लिहिणार होते, पण रागानंच म्हणते आहे. एखाद्या मालिकेचा चौथा भाग कुठला आणि पाचवा कुठला हे त्याला सांगता येत नाही. अंगाला चिकटलेले कपडे घालून उडणारे सगळे लोक त्याच्या लेखी एकाच घराण्यातले. एकदा त्यानं आपल्या व्हिडिओत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सुपरहिरोंना सख्खे भाऊ करून टाकलं. खाली लोकांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले आणि लिहिलं, भाऊ, असंच चालू ठेवा. तीच चूक मी केली असती तर मला कुणी सोडलं नसतं.

सिनेमातलं कळतं ते मला. मी पाच वर्षांपासून मोबाइलवर परीक्षणं करते. गाजलेल्या सिनेमांचे पुढचे भाग, सुपरहिरोंचे सिनेमे, आणि अजून बाजारात न आलेले व्हिडिओ गेम, ज्यांचे नुसते ट्रेलर आलेले असतात. वसमतला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीक विमा, जातीचा दाखला, भरतीचे अर्ज. गिऱ्हाईक नसलं की मी तिथंच परीक्षण लिहून काढते आणि रविवारी गावी, घराच्या मधल्या खोलीत, भिंतीला निळी चादर लावून बोलते. कागद दिसू देत नाही, सगळं पाठ करते. घरात 'आमी' म्हणणारी मी कॅमेऱ्यासमोर 'आम्ही' म्हणते. पाच वर्षांत मला नऊशे माणसं मिळाली. आमच्या गावातली निम्मी मतदार यादी तेवढीच भरेल. त्या नऊशेंचा मला अभिमान होता, कारण एकेक माणूस मी परीक्षण लिहून मिळवला होता.

मी माहेरीच राहते. त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती इथं येत नाहीत. घरात आई आणि बाबा. मधल्या भिंतीपलीकडे काकांचं घर, चुलतभाऊ तिथला. माझ्याहून चार वर्षांनी लहान, एका लेकराचा बाप, हळद पॉलिश करायचं यंत्र चालवतो. हंगामात त्याच्या भुवयासुद्धा पिवळ्या असतात. त्या पिवळ्या भुवयाही लोकांना आवडतात, हे मला नंतर कळलं.

बाबा जनावरांच्या बाजारात दलाल होते. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. दलाल खांद्यावरचा मोठा रुमाल, त्याला आम्ही दस्ती म्हणतो, तो पुढे धरायचा आणि त्याच्या आडोशाला हातात हात घालून बोटांनी भाव सांगितला जायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. बाबांनी तीस वर्षं हे केलं. मग घरोघर ट्रॅक्टर आले, बाजारातले बैल कमी झाले, बाबांचे गुडघेही गेले. तेव्हापासून ते ओसरीवर बाजेवर बसून असतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक जनावराचं वय मोठ्यानं सांगतात.

माझ्या सुरुवातीच्या परीक्षणांमध्ये त्यांचा खोकला आहे. मी बोलत असले की ते दारात यायचे, पडद्याकडे बघायचे आणि काहीतरी विचारायचे. मी दर वेळी सांगायचे, बाबा, आवाज येतो, ओसरीवर बसा. दोन वर्षं सांगितल्यावर ते यायचे बंद झाले. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वाचताना माझी दया येऊ शकते आणि ती फुकट जाऊ नये.

मागच्या वर्षी एका मोठ्या गेमचा ट्रेलर आला. गेम यायला अजून वर्ष होतं, पण जगभर त्याच्यावर बोलणं सुरू झालं होतं. त्यात नायक एका अजस्र बैलासारख्या प्राण्यावर बसून जळत्या शहरातून जातो. प्राण्याच्या शिंगांना आग लागलेली, डोळे लाल. मी ओसरीच्या पायरीवर बसून तो ट्रेलर सातव्यांदा बघत होते, प्रकाशयोजनेवर टिपणं काढत होते. मागून बाबा म्हणाले, "ह्येचा मागला डावा पाय दबून पडून राहिला."

मी म्हणाले, "बाबा, गेम आहे तो."

"गेम असू दे. पाय टाकताना मान खाली घालतंय बघ. खुरात तकलीफ हाय त्येला. असलं जनावर घेऊन गडी शहरात काहून चालला?"

मी आवाज वाढवला. पण चुलतभाऊ तेव्हा भिंतीजवळ उभा होता. तो हसत आला आणि माझा मोबाइल हातातून घेऊन त्यानं ट्रेलर परत पहिल्यापासून लावला. बाबांनी त्या प्राण्याचे दात, वशिंड, शेपटीचा गोंडा, सगळं बघितलं आणि निकाल दिला की शिंगं देखणी आहेत पण कामाला चार दिवस टिकणार नाही. भाऊ म्हणाला, "ताई, मोठेबाबांचा असा एक व्हिडिओ करू का? तुला काही तकलीफ न्हाई ना?"

मी म्हणाले, "कर की." मोठ्या मनानं म्हणाले. त्याला जमेल असं मला वाटलंच नव्हतं.

त्यानं काय केलं ते सांगते. बाबांना बाजेवर बसवलं, आपण समोर स्टुलावर बसला, मध्ये दस्ती धरली. ट्रेलर दाखवला. मग दोघांनी दस्तीखाली हात घातले. दहापैकी किती गुण, हा सौदा. भाऊ खालून एक आकडा सांगणार, बाबा चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोटं दाबून दुसरा आकडा सांगणार. भाऊ डोळे मोठे करणार, बाबा मान वळवून गल्लीतल्या शेळीकडे बघणार, म्हणजे तुझ्या भावात मला रस नाही. एक मिनिटभर कुणी बोलत नाही. शेवटी बाबा दस्ती झटकतात आणि भाऊ आकडा जाहीर करतो. त्या बैलाच्या गेमला साडेतीन मिळाले. आठवड्यात तो व्हिडिओ किती लोकांनी बघितला तो आकडा मी इथं लिहीत नाही, मला अजून सहन होत नाही.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. माझ्या घरात पिकलेलं भिंतीपलीकडच्यानं विकलं. त्यापुढे दर आठवड्याला नवा व्हिडिओ. भाऊ बाबांना मोटरसायकलवर मागे बसवून नांदेडला सिनेमाला नेऊ लागला. बाबा गुडघ्याला तेल चोळून, धुतलेलं धोतर नेसून निघायचे. आई दारात उभी राहून त्यांना जाताना बघायची आणि मला म्हणायची, "किती दिवसांनी बाहेर पडून राहिले बघ." मी बघत होते.

दुकानात फॉर्म भरायला येणारे विचारायचे, "दस्तीवाले बाबा तुमचेच का?" मी हो म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "लई भारी बोलतेत. तुमी पण मदत करता का त्यांना?" मी त्यांचा आधार क्रमांक टाकत राहायचे. एका मुलीनं तर भरतीचा फॉर्म अर्धा सोडून मला बाबांचा सुपरहिरोंवरचा व्हिडिओ दाखवला. फॉर्म सबमिट करायच्या बेतात असताना मला कळलं की मी तिचं परीक्षा केंद्रच चुकीचं निवडलंय, मग भानावर येऊन ते बदललं. एवढं माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

त्या सुपरहिरोंच्या व्हिडिओत बाबा म्हणतात, "ह्यो गडी आख्खा डोंगर उचलतो आन् बायकूला पाण्याची घागर उचलू लागत न्हाई. बैल कसा हाय ते बाजारात न्हाई, त्येच्या घरी दिसतं." मी याच नायकाबद्दल महिनाभर आधी अकरा मिनिटं बोलले होते. सत्तेचं एकटेपण, असं माझ्या परीक्षणाचं नाव होतं. ते एकसष्ट जणांनी बघितलं. मी भावाच्या व्हिडिओखाली लिहिलं की हा मालिकेतला तिसरा भाग नसून चौथा आहे. माझ्या त्या ओळीला एकानं पसंती दिली. तो भाऊच होता. मी जळले. दुसरा शब्द वापरून उपयोग नाही. जेवताना बाबा त्याचं कौतुक करायचे तेव्हा मला भाकरी गिळवत नसे.

व्हिडिओ कुणी किती बघितले यानं नाही म्हटलं तरी पोटात दुखायचं, पण खरं दुखणं वेगळं होतं. त्या दस्तीखाली माझा हात पाहिजे होता. मी पाच वर्षं सिनेमा तोलत होते, माझा बाप तीस वर्षं जनावरं तोलत होता, आणि तोलणारे आम्ही दोघंच होतो त्या घरात. त्यांनी माझ्याशी सौदा करायला पाहिजे होता. मला कळतं हे त्यांनी मान्य करायला पाहिजे होतं.

एका रविवारी मी मान खाली घातली आणि विचारलं. ते बशीतून चहा पीत होते. मी म्हणाले, "बाबा, माझ्यासंगं बी बसा की एकदा."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "न्हाई."

"काहून?"

"न्हाई म्हणलं ना."

आईला मी रागारागात विचारलं तेव्हा ती म्हणाली, बाजारात बाया जात नव्हत्या, दस्तीखाली बाईचा हात कधी गेला नाही. मला कारण सापडलं. पोरगी आहे म्हणून नाही. पुढचे दोन महिने मी त्या कारणावर काढले. राग धरायला चांगलं कारण मिळालं की माणूस किती टवटवीत होतो ते मी स्वतःत बघितलं. बाबांशी मी कामापुरतं बोलायचे आणि दुकानातून मुद्दाम उशिरा यायचे.

आता मला माझी गोष्ट सांगायला हवी, जी मी पाच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या गावाला वसमतहून शेवटची गाडी संध्याकाळी सातची. ती गावातच मुक्कामाला थांबते, म्हणून मुक्कामी गाडी. ती गाठायची तर नांदेडहून साडेपाचची बस धरायला लागते. नांदेडला हिंदीतला खेळ दुपारी तीनचा, सकाळचा फक्त इंग्रजीत, आणि सकाळी माझं दुकान. हे सुपरहिरोंचे सिनेमे पावणेतीन तासांखाली आटपत नाहीत. तर मी दर शनिवारी पाच वाजून दहा मिनिटांनी खुर्चीतून उठायचे, लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पडायचे आणि रिक्षा करून बसस्थानक गाठायचे. पडद्यावर तेव्हा शेवटची लढाई सुरू झालेली असायची. पाच वर्षांत मी एकाही मोठ्या सिनेमाचा शेवटचा अर्धा तास थेटरात बघितला नाही. नावं संपल्यावर जो छोटा प्रसंग दाखवतात, पुढच्या भागाची चाहूल देणारा, तो तर मी फक्त ऐकून होते.

नांदेडला मावशी राहते. तिच्याकडे राहता आलं असतं. पण मावशी पाण्याचा तांब्या देता देताच लग्नाचं काढते, म्हणून मी ते टाळत आले. सुरुवातीला मी स्वतःला सांगायचे, शेवटी काय होणार, जग वाचणारच. मग परीक्षणात बोलायला लागले, "शेवट मी सांगणार नाही. तो तुम्हीच अनुभवा." लोकांना हे फार आवडलं. इतर परीक्षक सगळं फोडून टाकतात, ताई मात्र एक शब्द फुटू देत नाहीत, असं ते लिहायचे. माझ्या नऊशेंपैकी निम्मे तरी या एका गुणासाठी आले असतील. मी तो गुण घेतला, मिरवला, आणि पुढे तर तेच माझं ब्रीदवाक्य करून निळ्या चादरीवर चिकटवलं.

या वर्षी काळ उलटा फिरवणाऱ्या वीरांच्या मालिकेचा सहावा भाग आला. नांदेडच्या एका थेटरवाल्यानं भावाला बोलावलं, पहिल्या दिवशी बाबांना घेऊन या आणि खेळ सुटल्यावर आमच्या दारात दस्तीचा सौदा करा. त्यानं जीप पाठवली. भाऊ माझ्याकडे आला. "ताई, तू पण चल ना. कितवा भाग, कोण कुणाचा कोण, ते तू सांग मला. लोकांसमोर चुकलो तर बरं दिसत न्हाई."

म्हणजे मी त्याला खुणा करायला जायचं होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. मला शेवट बघायचा होता.

थेटरात बाबा माझ्या शेजारी बसले, पलीकडे भाऊ. बाबा सिनेमा बघताना पापणी लववत नाहीत हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मध्यंतरानंतर कथा बरी रंगली. शहरं कोसळत होती, घड्याळं मागे जात होती. आणि अचानक मी उभी राहिले. पर्स खांद्याला, चपला पायात. काही विचार करून उठले नव्हते, अंगाला सवय होती.

बाबांनी पडद्यावरची नजर न काढता माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बस. आज गाडी आपली हाय."

मी बसले. माझे कान तापले. त्यांनी का उठलीस विचारलं नव्हतं, कुठे चाललीस विचारलं नव्हतं. त्यांना माहीत होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा समोर शेवट चालू होता आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. कोण मेलं, कोण परत आलं, नावं संपल्यावर लोकांनी कशाला टाळ्या वाजवल्या, मला आजही त्या दिवसाचं काही सांगता येणार नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं चाललं होतं.

बाहेर पायऱ्यांवर दोनेकशे माणसं जमली होती. बाबा खुर्चीवर, भाऊ समोर, मध्ये दस्ती. लोक मोबाइल वर धरून श्वास रोखून बघत होते. मी एका खांबाला टेकून उभी होते. सहावर सौदा तुटला, म्हणजे ठरला, आणि शिट्ट्या झाल्या. बाबांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली तेव्हा ते बाजारातल्यासारखे ताठ दिसत होते. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि लगेच वाटलं, तोही भावाच्याच वाट्याचा आहे.

परत येताना जीप चहाला थांबली. भाऊ भजी सांगायला गेला, तिथंही त्याला पोरांनी ओळखलं, तो फोटो काढत राहिला. जीपमध्ये आम्ही दोघं. मी विचारलं, "तुमाला कधीपासून माहीत हाय?"

"ह्याच्यासंगं पैल्यांदा आलो तवापासून," बाबा म्हणाले. "सिनिमा सुटला तवा घड्याळात बघितलं, पावणेसहा. म्हणलं, आपली पोरगी तर मुक्कामी गाडीनं घरी येती. मंग ती हे कवा बघती?"

"मग बोलला काहून न्हाई?"

"दलालानं हातातलं बोलायचं नसतं."

"कुणालाच न्हाई सांगितलं?"

"तुझ्या आईला बी न्हाई." त्यांनी खांद्यावरची दस्ती सारखी केली. मग म्हणाले, "जनावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून बघितल्याबिगर मी कधी कुणाला भाव लावू दिला न्हाई. तू अर्धं चालवून भाव लावतीस. मी तुझ्यासंगं दस्तीखाली हात कसा घालू?"

मी म्हणाले, "मला वाटलं, मी पोरगी हाय म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला ते दोन महिने परत मागून घ्यावेसे वाटले. "आन् ऐक," ते म्हणाले, "जनावराला खोड असली तर ती आधी सांगायची, मंग विकायचं. मारकं असलं तर मारकं हाय म्हणायचं. तू तुझ्या माणसांना सांग. मंग बस माझ्यासंगं."

भाऊ भजी घेऊन आला आणि पहिला घास त्यानं मला दिला. मी तो घेतला. भजी गरम होती आणि चांगली होती, आणि मला त्याचा अजूनच राग आला.

मी लगेच काही केलं नाही. आठ दिवस बाबांवर चिडून काढले. सगळ्या जगातले परीक्षक निम्मं बघून बोलत असतील, मीच काय तो हरिश्चंद्राचा अवतार असायला पाहिजे का, असं आईला म्हणाले, आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. नऊशे माणसं जातील याची मला भीती होती. त्यांच्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं आणि भावाकडे सगळंच होतं. पण तरीही त्या दस्तीखाली त्याचा हात जात होता आणि माझा नाही, हे मला त्या नऊशेंपेक्षा जास्त बोचत होतं. मी चांगुलपणानं खरं बोलले असं कुणी समजू नये. मत्सरानं बोलले.

पुढच्या शनिवारी मी मुक्कामी गाडी सोडून दिली, मावशीकडे मुक्काम केला, लग्नाचं सगळं ऐकून घेतलं, आणि तो सहावा भाग पहिल्या जाहिरातीपासून शेवटच्या नावापर्यंत बघितला. झाडूवाली आली तरी बसून होते. रविवारी दुपारी घरी आले, ब्रीदवाक्य काढून टाकलं, चादरही काढली आणि साध्या भिंतीसमोर बोलले. काही पाठ केलं नव्हतं. म्हणाले, "मी पाच वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट थेटरात बघितलेला नाही. आमची गाडी सातची असते. तुम्हाला वाटलं मी शेवट राखून ठेवते. माझ्याकडे तो नव्हताच." चुकून 'आमची' म्हणताना घरचा हेल आला. तो मी तसाच राहू दिला.

दीडशे माणसं गेली. एकानं लिहिलं, मग इतके दिवस आम्हाला काय दिलं? ती ओळ मी काढून टाकली नाही. दुसऱ्या एकीनं लिहिलं, ताई, आमच्या गावाची तर साडेसहाचीच आहे, मी मध्यंतरानंतर उठते. भाऊ भिंतीपलीकडून आला, दारात उभा राहिला. "ताई, मला सांगायचं ना. मी आणलं असतं गाडीवर." तो मनापासून बोलत होता. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता, आणि हसला असता तर मला बरं झालं असतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाबांनी ओसरीवरून हाक मारली. बाजेवर दस्ती घडी करून ठेवली होती. मी स्टुलावर बसले. त्यांनी आधी उघड्यावर मला बोटं शिकवली. एक बोट धरलं की एक. पंजा दाबला की पाच, मग वर जितकी बोटं तितकं वाढवायचं. पेरावर नख टेकवलं की अर्धा. शिकायला दोन मिनिटंही लागली नाहीत. भाऊ मोबाइल धरून समोर उभा राहिला. मीच त्याला सांगितलं होतं, आज तू व्हिडिओ काढ.

दस्ती पडली. बाबांचा हात मी लहानपणानंतर असा धरला नव्हता. खरखरीत, कोरडा, आणि लगेच कामाला लागलेला. त्यांनी आठ सांगितले. मी त्यांची चार बोटं धरली. त्यांनी माझा हात झिडकारला, दस्तीखालीच, आणि शेळीकडे बघायला लागले. मी हात काढून घेणार होते, मग लक्षात आलं की हा सौदा आहे. ते माझी समजूत काढत नव्हते. मी पुन्हा चार सांगितले. त्या सिनेमाचा शेवट पोकळ आहे, मी तो पुरता बघितला होता, नावं संपल्यावरचा प्रसंगही उगाच आहे, आणि मी एका बोटानंही वाढायला तयार नव्हते. त्यांनी सात सांगितले. माझं करंगळीचं पेर असं दाबलं की दुखलं. मी साडेचारवर आले. ते माझ्याशी खरोखर भांडत होते, पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याशी भांडावं तसे, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी तसंच राहू दिलं.

साडेपाचवर सौदा तुटला. त्यांनी पंजा दाबला, पेरावर नख टेकवलं, आणि मी परत तेच केलं. झालं.

"किती ठरलं?" भावानं विचारलं.

मी वर बघितलं. मोबाइल त्याच्या हातात खाली आला होता. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, दस्तीकडे बघत होता, तिच्याखाली अजून धरलेल्या हातांकडे. ओठ आवळलेले होते. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. वर्षभर मी तो आरशात बघत होते.

"सांग ना, ताई. किती?"

बाबांनी हात सैल सोडला. सौदा झाला की दलाल हात सोडतो. मला आकडा माहीत होता, दस्ती झटकायची तेवढी बाकी होती. मी बाबांचा हात पुन्हा धरला आणि भावाला अजून थोडा वेळ उभं ठेवलं.